एमजीबी रोडस्टर: इंजिन नंतर, आधी दाराखालचा उंबरा बघा

‘पूर्ण रिस्टोअर केलेली’ एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजीची दोन सीटची उघडी जुनी स्पोर्ट्स कार, ब्रिटनच्या बाजारात बारा महिने मिळते. १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डशरमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात, बंद टपाची जीटी धरून, पाच लाखांहून जास्त एमजीबी जोडल्या गेल्या. त्यामुळे घाईने उचलावी अशी ही गाडी नव्हे. आज आवडलेली हातची गेली तर पुढच्या महिन्यात दुसरी दिसेल. घाई केली तर मात्र चकचकीत रंगाखाली पुट्टीने लिंपलेला पत्रा पदरात पडतो, आणि मग गाडीच्या किमतीपेक्षा वेल्डिंगचं बिल मोठं होतं.

ही समीक्षा गाडीची आहे, तशीच तिच्यासोबत मिळणाऱ्या कागदांच्या फाइलचीही. साठ वर्षांत किती हात लागले, कुठे काय कापलं आणि काय जोडलं, हे नीट वाचता आलं पाहिजे. थोडक्यात मत असं: यांत्रिक बाजूने एमजीबी ही नवख्या माणसाने सांभाळावी अशी सगळ्यात सोपी जुनी स्पोर्ट्स कार आहे. बॉडीच्या बाजूने तीच गाडी भल्याभल्यांना फसवते.

याचं कारण तिच्या बांधणीत आहे. आधीच्या एमजीएला वेगळी चॅसी होती, तिच्यावर बॉडी बसवलेली असे. एमजीबीला चॅसीच नाही, बॉडी हीच चॅसी. वर टपही नाही. म्हणजे गाडीची पुढची बाजू मागच्या बाजूला धरून ठेवण्याचं बरंचसं काम दाराखालचे दोन उंबरे, म्हणजे सिल, करतात. जीटीला निदान छताचा आधार असतो. रोडस्टरचं सिल कुजलं की गाडी मधोमध वाकायला लागते.

बाहेरून दिसणारं सिल हा फक्त एक थर. त्याच्या आत उभा पत्रा असतो, मधला पडदा म्हणू. त्याच्या आत फरशीकडचं सिल. खाली, फरशीच्या कडेला, किल्ल्याच्या तटाला असतात तशा खाचांची पट्टी जाते, तिला तिकडे कॅसल रेल म्हणतात. जॅक लावायची जागा इथेच. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यात साठतो, ओला राहतो आणि तिथून गंज सिलमध्ये शिरतो. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ त्यात भर घालतं. हे सगळं आतून घडतं. बाहेर फोड दिसेपर्यंत मधला पडदा बऱ्याचदा संपलेला असतो.

वाईट दुरुस्ती कशी होते ते कळलं की ती ओळखता येते. बाहेरच्या सिलचे खरे दोन्ही टोक झाकलेले असतात. पुढचं टोक पुढच्या मडगार्डच्या मागे जातं, मागचं टोक दारामागे येणाऱ्या मागच्या मडगार्डच्या खालच्या तुकड्यामागे. नवीन सिल नीट बसवायचं तर पुढचं मडगार्ड उतरवावं लागतं (ते बोल्टवर आहे, पण बोल्ट गंजून मोडतात) आणि मागच्या मडगार्डचा खालचा भाग कापावा लागतो, कारण मागचं मडगार्ड वेल्ड केलेलं आहे. हा व्याप टाळण्यासाठी काही ठिकाणी फक्त दारातून दिसणारा भाग कापून तेवढाच नवा पत्रा लावतात. त्याहून वाईट म्हणजे कुजलेल्या सिलवरच नवीन पातळ आवरण चढवतात. दोन्ही प्रकार रंग दिल्यावर छान दिसतात, पण भार घेत नाहीत.

योग्य क्रम असा. कापायला हात लावण्याआधी दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत चौकोनी नळी आडवी वेल्ड करायची, म्हणजे बॉडी हलणार नाही. गाडीचं वजन चाकांच्या किंवा ॲक्सलच्या जागी पेललेलं असावं, मधोमध जॅकवर नव्हे. एका वेळी एकच बाजू. आधी कॅसल रेल आणि फरशीची कड, मग मधला पडदा, शेवटी बाहेरचं सिल. बाहेरचं सिल आधी फक्त क्लॅम्पने धरायचं, आधाराची नळी दाराच्या आड येणार नाही अशी बसवलेली असावी, दार बिजागरीवर टांगायचं, फट वरपासून खालपर्यंत सारखी येते का पाहायचं आणि मगच वेल्ड मारायचे. कारखान्यातल्या स्पॉट वेल्डच्या जागी पत्र्याला सहा ते आठ मिलिमीटरची भोकं पाडून मिग वेल्डिंगने ती भरतात. सलग शिवण मारली तर पत्रा तापून वाकतो, म्हणून जागा बदलत थोडं थोडं वेल्ड करायचं. आतल्या पोकळीत मेण फवारायचं ते रंगानंतर, आधी फवारलं तर वेल्डच्या उष्णतेने जळून जातं. आणि खालची पाणी निचरायची भोकं उघडी ठेवायची. सुबक काम करणारेसुद्धा ही भोकं बुजवतात, आणि मग काही वर्षांत नवं सिल आतून कुजतं.

आता हे गाडीसमोर उभं राहून कसं ओळखायचं? दाराची मागची फट बघा. वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर गाडी वाकली आहे. दार उघडून, मिटून बघा. मग पुढून जॅकवर उचलून पुन्हा मिटून बघा. जमिनीवर सहज लागणारं दार जॅकवर अडायला लागलं, तर कडेचे पत्रे कितीही चमकत असोत, सिलमध्ये ताकद नाही. मडगार्ड आणि दार यांच्यावरून जाणारी क्रोमची पट्टी एका रेषेत आहे का पाहा. कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक सिलच्या दोन्ही टोकांना, चाकांच्या कमानींना आणि मडगार्डच्या खालच्या कोपऱ्यांना लावा. बॉनेटला चिकटलं नाही तर घाबरू नका, सुरुवातीच्या गाड्यांचं बॉनेट ॲल्युमिनियमचं होतं.

सिलखेरीज आणखी तीन जागा. सीटमागच्या फळीखाली बॅटरीची पेटी असते. जुन्या गाड्यांत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, प्रत्येकीची वेगळी पेटी. आम्लाने आणि खालून उडणाऱ्या पाण्याने या पेट्या जातात. मागच्या पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) पुढची टोकं जिथे बॉडीला अडकतात, ती जागा स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. ती गेली असेल तर ॲक्सल सरकू शकतो आणि गाडी चालवणं धोक्याचं आहे. तिसरी गोष्ट गंजाची नाही: दाराच्या पत्र्याला, पुढच्या छोट्या काचेच्या खाली, उभी चीर पडते. जवळपास प्रत्येक जुन्या एमजीबीला ती पडलेली असते. नुसती वेल्ड केली तर पुन्हा पडते. आतून आधार देऊन केलेली दुरुस्ती टिकते.

एवढं बघून झालं की फाइल उघडा.

पहिला कागद हेरिटेज सर्टिफिकेट. वॉरिकशरमधल्या गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे कारखान्याच्या उत्पादनाच्या नोंदी आहेत, त्यावरून ते शुल्क घेऊन हे प्रमाणपत्र देतात. गाडी कधी बांधली, मूळ रंग, आतली गादी कोणत्या रंगाची, मूळ इंजिन क्रमांक, कारखान्यातूनच बसवलेले जादा भाग आणि गाडी कुठे पाठवली, हे त्यात असतं. सेवा म्हणून तिला पूर्ण गुण. विक्रेत्याने काढलेलं नसेल तर खरेदी करणाऱ्याने पैसे मोजून काढावं, इतकी ती माहिती मोलाची आहे. तिची मर्यादाही समजून घ्यावी: गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसाची ती साक्ष आहे. पुढे ती कुणाकडे होती, तिचं काय झालं, याबद्दल त्यात एक अक्षर नसतं. प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीला लावलेलं असलं म्हणून गाडी चांगली ठरत नाही.

प्रमाणपत्र हातात घेऊन गाडीवरचे क्रमांक जुळवा. रोडस्टरचा चॅसी क्रमांक जीएचएन या अक्षरांनी सुरू होतो: जी म्हणजे एमजी, एच म्हणजे इंजिनाचा आकारगट, एन म्हणजे दोन सीटची उघडी गाडी. जीटीला एनच्या जागी डी. पुढचा आकडा मालिकेचा: सुरुवातीला ३, १९६७ अखेरच्या मार्क दोनपासून ४, नंतर ५. आकड्यानंतर एल असेल तर गाडी डाव्या स्टिअरिंगची, म्हणजे बहुधा अमेरिकेला गेलेली. अमेरिकेच्या कोरड्या भागातून परत आणलेल्या गाड्यांचा पत्रा अनेकदा उत्तम असतो आणि स्टिअरिंग उजवीकडे घेणं या बॉडीत अवघड नाही. फक्त ते विक्रेत्याने आपणहून सांगितलेलं असावं. क्रमांकाची पट्टी स्क्रूने किंवा रिव्हेटने लावलेली असते, म्हणजे ती एका गाडीवरून काढून दुसरीवर लावता येते. पट्टी नवी कोरी आणि तिच्याभोवतीचा पत्रा जुना असेल तर कारण विचारा.

इंजिन क्रमांक ब्लॉकच्या उजव्या बाजूच्या पट्टीवर असतो. १८जी आणि १८जीए म्हणजे तीन मेन बेअरिंगचं सुरुवातीचं इंजिन, १८जीबी म्हणजे १९६४ पासूनचं पाच बेअरिंगचं, १९७१ पासून १८व्ही. क्रमांक जुळला नाही तर बहुतेकांचा उत्साह मावळतो. माझ्या मते एमजीबीच्या बाबतीत हे उगाच आहे. एमजीची तेव्हाची मालक कंपनी ब्रिटिश लेलँड स्वतः ‘गोल्ड सील’ नावाने कारखान्यात नव्याने बांधलेली इंजिनं जुन्याच्या बदल्यात देत असे, आणि रोज चालवलेल्या गाडीत असं इंजिन असणं स्वाभाविक आहे. जुळणाऱ्या क्रमांकासाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा तेवढेच पैसे चांगल्या सिलच्या गाडीत घाला.

प्रमाणपत्रामुळे एक लबाडी हमखास पकडली जाते. १९७४ च्या शरद ऋतूत अमेरिकी नियमांसाठी गाडीला काळे रबरी बंपर आले आणि गाडी सुमारे दीड इंच उंच केली गेली. त्या नंतरच्या गाड्यांना क्रोम बंपर लावून ‘साठच्या दशकातली’ म्हणून दाखवलं जातं. बांधणीची तारीख बघितली की झालं. कागद नसेल तर सीटमागची फळी उचला: रबरी बंपरच्या गाड्यांत बारा व्होल्टची एकच बॅटरी आणि एकच पेटी असते. बदल केलेली गाडी वाईट असते असं नाही. उंची खरोखर उतरवलेली असेल, म्हणजे पाटे आणि पुढचा क्रॉसमेंबर (पुढचं सस्पेन्शन पेलणारा आडवा दांडा) दोन्ही बदललेले असतील, तर ती चालवायला छान लागते. किंमत मात्र रबरी बंपरच्या गाडीचीच द्या.

मालकीचा इतिहास वाचताना लक्षात ठेवायचं की ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याचं, म्हणजे डीव्हीएलएचं, नोंदणीपत्र (व्ही५सी) मालकीचा पुरावा नाही. त्यावर गाडी नोंदणीकृतरीत्या कोणाच्या ताब्यात आहे एवढंच असतं आणि आधी किती जणांकडे होती त्याची संख्या. खरेदीची पावती म्हणून स्वतंत्र हवी. साठच्या दशकातली जुनी नोंदणी पुस्तिका फाइलमध्ये असेल तर सोन्याहून पिवळं, कारण त्या स्थानिक कौन्सिल देत असत आणि त्यात एकामागून एक सगळ्यांची नावं, तारखांसह शिक्के असत. डीव्हीएलएच्या स्वॉन्सीमधल्या संगणकावर नोंदी गेल्या तेव्हा बऱ्याच पुस्तिका जमा झाल्या आणि नष्ट झाल्या. कोठारात पडून राहिलेल्या ज्या गाड्यांची नोंद १९८३ पर्यंत संगणकावर गेली नाही, त्यांचे मूळ क्रमांक व्यवस्थेतून गळले. ते परत मिळवायला व्ही७६५ ही योजना आहे, पण पुरावा लागतो. अशी गाडी घेत असाल तर क्रमांक परत मिळालेला असल्याशिवाय पैसे देऊ नका.

फुकट मिळणारा आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा पुरावा म्हणजे एमओटीचा, वार्षिक तपासणीचा, ऑनलाइन इतिहास. क्रमांक टाकला की २००५ पासूनच्या तपासण्या, मैल, नापास होण्याची कारणं आणि परीक्षकाने दिलेल्या सूचना दिसतात. ‘सिलला गंज’ ही सूचना तीन वर्षं ओळीने येते आणि चौथ्या वर्षी गायब होते, त्या वर्षाचं वेल्डिंगचं बिल फाइलमध्ये आहे का? नसेल तर गंज पुट्टीखाली गेला आहे. मैलांचाही मेळ घाला. मीटर पाच आकडी आहे, लाखानंतर पुन्हा शून्यावर येतं. मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या, मोठे फेरबदल न केलेल्या गाड्यांना एमओटीची सक्ती नाही, म्हणून अनेक गाड्यांचा हा इतिहास तिथे थांबतो. सक्ती नसताना दरवर्षी तपासणी करून घेणारा विक्रेता भेटला तर त्याच्याशी भाव कमी करायला फार झगडू नका.

आणि मग फोटो. रिस्टोरेशनची शंभर पानी फाइल असेल, त्यात रंगाचे, चामड्याचे, क्रोमचे फोटो असतील. त्यातून एकच फोटो शोधा: बाहेरचं सिल काढलेलं आहे, मधला पडदा दिसतो आहे, चौकटीत आधाराची नळी आहे आणि पार्श्वभूमीत हीच गाडी आहे हे ओळखता येतं आहे. प्रत्येक बाजूचा असा एक फोटो बाकीच्या सगळ्या फाइलपेक्षा मोलाचा. बिलावर नुसतं ‘सिल बदलले’ असेल तर सुट्या भागांची यादी बघा. कॅसल रेल आणि मधला पडदा विकत घेतलेलाच नसेल, तर बदललं काय?

एक पर्याय या सगळ्या शंका मिटवतो. १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेजने मूळ साच्यांवर एमजीबीची अख्खी नवी बॉडी बनवायला सुरुवात केली. अशा बॉडीवर बांधलेली गाडी ताकदीला नवी असते, आणि ज्याला भरपूर चालवायची आहे त्याने हीच घ्यावी. बॉडीच्या खरेदीचं बिल आणि डीव्हीएलएकडे केलेल्या नोंदीचे कागद मात्र सोबत हवेत. मूळ पत्रा जपलेली गाडी ज्याला इतिहासासाठी हवी आहे, त्याच्यासाठी ही नव्हे.

यांत्रिक भागाबद्दल कमी लिहिलं तरी चालेल, कारण तिथे पैसे बुडत नाहीत. १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर, सुरुवातीला ९५ अश्वशक्ती. गरम इंजिनाचा तेलाचा दाब चालवताना ५० ते ८० पीएसआय, आयडलला १० ते २५ असावा. टॅपेटचा थोडा खडखडाट चालेल, फट ०.०१५ इंच ठेवतात आणि ती फार आवळली तर व्हॉल्व्ह जळतात. पाणी कमी होत असेल आणि गळती दिसत नसेल तर हेड तपासा, दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरांच्या दरम्यान चीर जाते. शिशाचं पेट्रोल गेल्यापासून एग्झॉस्ट व्हॉल्व्हला कडक सीट बसवलेली बरी, बिलात ती आहे का बघा. इ१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल जुन्या रबरी नळ्या खातं, नळ्या बदललेल्या नसतील तर पहिल्याच आठवड्यात बदला. नवा कॅमशाफ्ट बसवला असेल तर इंजिन पहिल्यांदा सुरू केल्यावर सुमारे वीस मिनिटं २००० फेऱ्यांवर ठेवतात. आयडलवर सोडलं तर कॅमचे उंचवटे तिथेच घासून जातात. तेल २०डब्ल्यू-५०, जस्त भरपूर असलेलं.

क्लच बदलायला इंजिन बाहेर काढावं लागतं, म्हणून क्लच संपत आला असेल तर तो भावात धरा. रिलीज बेअरिंग कार्बनचं आहे, पेडलवर पाय ठेवून चालवणाऱ्याकडून ते लवकर जातं. मार्क दोनच्या आधी पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर बदलताना दाते जुळवून घेणारी योजना) नाही, तो थांबूनच टाकायचा. ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा उंच गिअर) असलेली गाडी घ्या, याबाबत दुसरं मत नाही: ताशी ७० मैलांवर चौथ्यात साधारण ३९०० फेरे होतात, ओव्हरड्राइव्हमध्ये ३२०० च्या आसपास. तो लागत नसेल तर आधी गिअरबॉक्समधलं तेल, मग वायर आणि स्विच बघा, बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

पुढे किंगपिनला (पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं तिला) दोन्ही बाजूंना तीन-तीन ग्रीस निपल आहेत आणि दर ३००० मैलांनी ग्रीस लागतं. चाक उचलून वरखाली धरून हलवा. ढिलेपणा जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबूनही ढिलं राहिलं तर बेअरिंग नव्हे, किंगपिन गेलं आहे.

विजेत बिघाड बहुधा अर्थिंगचा. १९६७ पर्यंतच्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेल्या, पुढे निगेटिव्ह. कोणी मध्ये बदललं असेल तर डायनॅमोला नव्याने ध्रुवता दिली आहे का आणि कॉइलच्या वायरी उलटवल्या आहेत का विचारा. किल्ली फिरवल्यावर एसयूचा पेट्रोल पंप भरभर टिकटिकून थांबला पाहिजे. टिकटिकत राहिला तर कुठे तरी हवा शिरते आहे किंवा कार्बोरेटरची सुई गळते आहे. टिकटिकलाच नाही तर बहुधा पंपाचे पॉइंट चिकटले आहेत.

आऱ्यांची चाकं असतील तर हँडब्रेक लावून, गाडी सपाटीवर गिअरविना ठेवून, मागचं चाक जॅकवर पुढेमागे झटकून बघा. खट्ट आवाज आला तर हबच्या दात्यांची झीज झाली आहे आणि चाकाबरोबर हबही बदलावा लागेल. डाव्या बाजूच्या हबचे आटे उजवे आणि उजव्या बाजूचे डावे असतात, म्हणजे गाडी पुढे जाताना चाक फिरतं त्या दिशेने चाक धरणारा मधला नट सुटतो. ॲक्सल उतरवून जोडताना कोणी हब उलटसुलट लावले असतील तर चालताना नट आपोआप सैल होतो. चाकं काढून ही खात्री करायला दहा मिनिटं लागतात, आणि रिस्टोअर केलेल्या गाडीत ती पहिल्याच दिवशी, रस्त्यावर नेण्याआधी करायची.